किडनी देणाऱ्याला मिळालेली सेवा: ऑपरेशनपर्यंत पैकीच्या पैकी, त्यानंतर अर्धवट

दोन वर्षं आणि चार महिन्यांपूर्वी मी माझ्या थोरल्या बहिणीला डावी किडनी दिली. ऑपरेशन जिथे झालं त्या रुग्णालयाचं नाव मी देणार नाही. तिथल्या माणसांनी ताईला जगवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि ज्या गोष्टी मला खटकल्या त्याच इतर दोन-तीन ठिकाणी किडनी दिलेल्यांकडूनही ऐकल्या, त्यामुळे एकावर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

प्रत्यारोपणाबद्दल लोक लिहितात ते बहुतेक पेशंटच्या बाजूनं. ऑपरेशन यशस्वी झालं, डॉक्टर देवासारखे भेटले, सगळ्यांचे आभार. मला देणाऱ्याच्या बाजूनं लिहायचंय. त्या सगळ्या इमारतीत देणारा हा एकच माणूस असा असतो, की जो धडधाकट चालत आत जातो आणि दुखणं घेऊन बाहेर येतो. त्याला तिथे काय सेवा मिळते हे कुणीतरी नीट सांगायला हवं.

मी टेम्पो चालवतो. माल चढवणं-उतरवणं बऱ्याचदा मलाच करावं लागतं. ऑपरेशनच्या वेळी वय एक्केचाळीस, ना बीपी, ना शुगर. ताई सत्तेचाळीस वर्षांची, दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. भाऊजींना मधुमेह आहे, त्यामुळे ते पहिल्याच तपासणीत बाद झाले. भाचा एकोणीस वर्षांचा, तो तयार होता, पण ताईनं त्याचं नाव काढू दिलं नाही. राहिलो मी.

आधी जे उत्तम होतं ते सांगतो, आणि ते सविस्तर सांगतो, कारण तसं प्रत्येक ठिकाणी असायला हवं.

प्रत्यारोपण विभागाच्या कोऑर्डिनेटर मॅडमचा पहिला फोन आला तेव्हाच त्या म्हणाल्या, "एकटे या. ताईंना आणू नका, भाऊजींनाही नको." मला वाटलं काही लपवाछपवी आहे की काय. गेल्यावर कळलं, की मला भेटणारे डॉक्टर ताईचे डॉक्टर नव्हतेच. ताईवर उपचार करणाऱ्या टीमशी त्यांचा संबंध नाही आणि त्यांनी फक्त माझा विचार करायचा, अशी तिथली पद्धत होती. ताईच्या डॉक्टरांना ताईसाठी किडनी हवी असणार, ते साहजिकच आहे. म्हणून देणाऱ्याच्या बाजूनं बोलणारा माणूस वेगळा हवा. हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि दार लावून घेतलं.

मग विचारलं, "तुम्ही आज नाही म्हणालात, तर घरात काय होईल?"

मला उत्तर सुचेना. तोवर मला सगळ्यांनी "देणार ना?" असं विचारलं होतं. "नाही म्हणालास तर?" असं कुणी विचारलं नव्हतं. मी बराच वेळ गप्प बसलो. त्यांनी घाई केली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. थिएटरच्या दारात म्हणालात तरी चालेल. आम्ही घरच्यांना एवढंच सांगू, की हे दाते म्हणून योग्य ठरले नाहीत. कारण सांगणार नाही, कोणी कितीही विचारलं तरी."

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मला नाही म्हणायचं नव्हतं. पण नाही म्हणायची वाट मोकळी आहे हे कळल्यावर मग मी जो होकार दिला, तो माझा होता. त्याआधीचा होकार घरानं गृहीत धरलेला होता.

आकडेही त्यांनी तिथेच, कागदावर लिहून दिले. किडनी काढण्याच्या ऑपरेशनमुळे पहिल्या तीन महिन्यांत दाता दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन. हा आकडा अमेरिकेतल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातला. दात्याची उरलेली किडनी पुढच्या पंधरा वर्षांत निकामी होण्याचं प्रमाण दहा हजारांत सुमारे एकतीस, आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत सुमारे चार. हा २०१४ सालचा. "आकडा लहान आहे," ते म्हणाले, "पण तो तुमच्या खात्यावर चढणार आहे, ताईंच्या नाही." उरलेली किडनी थोडी मोठी होते, जास्त काम करायला लागते, आणि दोन किडन्यांचं मिळून जेवढं काम व्हायचं त्याच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत एकटी पोचते. तेवढ्यावर माणूस आयुष्यभर व्यवस्थित जगतो. पण बीपी वाढू द्यायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही, आणि दरवर्षी तपासणी चुकवायची नाही. हे "दरवर्षी" लक्षात ठेवा, पुढे त्यावर येतो.

घरी बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उद्या आपल्या मुलीला लागली तर?" या प्रश्नावर मी तीन रात्री झोपलो नाही. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, बाईंना घेऊन या. त्यांनी आम्हा दोघांना तासभर दिला. मुलीला कधीच काही होणार नाही अशी खात्री त्यांनी दिली नाही. घरात किडनीचा आनुवंशिक आजार आहे का हे त्यांनी आधीच तपासलं होतं, ते रिपोर्ट उघडून दाखवले, ताईची किडनी कशानं गेली ते समजावलं, आणि बायकोला म्हणाले, "तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तुम्ही दोघांनी द्यायचंय. लागेल तेवढा वेळ घ्या." आम्ही पंधरा दिवस घेतले. त्या पंधरा दिवसांत रुग्णालयातून एकही फोन आला नाही, आणि तो मुद्दामच केला नाही असं मॅडमनी नंतर सांगितलं.

तपासण्यांबद्दल फार लिहीत नाही. रक्तगट, टिश्यू टायपिंग, क्रॉसमॅच, चोवीस तासांची लघवी मोठ्या कॅनमध्ये साठवून नेणं, छाती, हृदय, मानसोपचारतज्ज्ञ, मग परवानगीसाठी समितीपुढे मुलाखत. सगळं मिळून तीन महिने गेले. सीटी अँजिओत दिसलं, की माझ्या उजव्या किडनीला दोन धमन्या आहेत आणि डावीला एक. कामात उजवी कणभर सरस. नियम असा, की दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडेच राहते. शिवाय डावीची शीर लांब असते, त्यामुळे बसवणाऱ्या सर्जनला जोडायला सोपी जाते. म्हणून डावी.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. माझे सगळे रिपोर्ट ताईच्या फायलीत लावले जात होते. वर ताईचं नाव, ताईचा नंबर, आणि माझ्या कागदांवर पेनानं कोपऱ्यात लिहिलेलं "डोनर". तेव्हा वाटलं, असेल त्यांची सोय.

पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणातल्या दात्याची गोष्ट मला मॅडमनी सांगितली. २३ डिसेंबर १९५४, बॉस्टन. रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली, आणि माणसाकडून माणसाला दिलेली किडनी दीर्घकाळ चालली ती तेव्हा पहिल्यांदा. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला, त्यानं लग्न केलं, त्याला मुलं झाली. किडनी बसवणारे जोसेफ मरे, त्यांना १९९० साली नोबेल मिळालं. रोनाल्डची चांगली, निरोगी किडनी काढायची जबाबदारी घेतली होती हार्टवेल हॅरिसन यांनी. त्यांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कसलाही आजार नसलेल्या माणसावर, त्याच्या स्वतःच्या काहीही फायद्यासाठी नसलेलं मोठं ऑपरेशन करायचं, ही गोष्ट त्या सर्जनला किती जड गेली असेल असं मनात आलं. रोनाल्ड स्वतः २०१० पर्यंत, एकोणऐंशी वर्षं जगले, गणित शिकवायचे. मला त्या गोष्टीतून सगळ्यात जास्त धीर याच एका वाक्यानं दिला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना शेजारी शेजारी स्ट्रेचरवर ठेवलं होतं. ताईनं डावा हात माझ्याकडे केला. त्याच हातात तिचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. मनगटाच्या वर शीर दोरखंडासारखी फुगलेली, आणि बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, जणू कातडीखाली मधमाशी अडकलीये. दोन वर्षांत मी त्या जागेला कधी हात लावला नव्हता, भीती वाटायची. त्या दिवशी लावला. ताई म्हणाली, "अजून वेळ आहे. ऊठ, जा घरी." मी म्हणालो, "तू गप पड." एवढंच बोलणं झालं. आधी माझं स्ट्रेचर आत गेलं.

सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर यांच्याबद्दल मला एकही तक्रार नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पूर्वी या ऑपरेशनला बरगडीखाली कुशीत मोठा छेद घ्यायचे, कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागायचा. दुर्बिणीतून दात्याची किडनी काढायला १९९५ साली बाल्टिमोरमध्ये सुरुवात झाली. मला पोटावर तीन छोटी भोकं आणि खाली, पट्ट्याच्या रेषेच्याही खाली, एक आडवा छेद. किडनी त्यातून बाहेर काढतात. छेद सरळ, टाके आतून घातलेले, आता शोधून बघावा लागतो.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. उजवा खांदा, टोकाला, असा की श्वास घेता येईना. मी घाबरलो. किडनी काढली आणि खांदा का दुखतोय? रात्रपाळीच्या सिस्टरनं सांगितलं, की दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, तो थोडा आत राहतो, श्वासपटलाला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. "घाबरायचं काही नाही, सकाळी चालायला लागलात की कमी होईल." त्या बाईंनी रात्रभर दर तासाला येऊन मला कूस बदलायला मदत केली, खोकताना पोटावर उशी कशी दाबून धरायची ते शिकवलं. पहाटे माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ताईंना लघवी सुरू झाली. टेबलावरच झाली, टाके घालून व्हायच्या आत." मी रडलो तर पोट दुखेल म्हणून त्यांनी पुन्हा उशी हातात दिली. सगळ्या मुक्कामात मला सगळ्यात चांगली सेवा कुणी दिली असेल तर त्यांनी.

तिसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड धरून मी ताईच्या खोलीपर्यंत गेलो. आत जायची परवानगी नव्हती, संसर्गाच्या भीतीनं तिला वेगळं ठेवलं होतं. काचेतून पाहिलं. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती, भरत आलेली, फिक्या पिवळ्या रंगाची, स्वच्छ. दोन वर्षांत ताईला दिवसभरात अर्धा पेला लघवी झाली तर खूप. मी त्या पिशवीकडेच बघत राहिलो. नळीतून थेंब पडत होते, एकामागून एक, थांबत नव्हते. ताईनं काचेतून माझ्याकडे पाहिलं, मग मी काय बघतोय ते पाहिलं, आणि चादर ओढून पिशवी झाकली. तशी लाजणारी ताई मला किती वर्षांनी दिसली.

पाचव्या दिवशी मला घरी सोडलं. त्या सकाळी रक्ताचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, किडनी नीट चालत नसली की त्याचा आकडा वाढतो. ताईचं क्रिएटिनिन ऑपरेशनआधी ८.२ होतं. माझं ०.८. त्या दिवशी तिचं १.३ आणि माझंही १.३. भाऊजींनी दोन्ही कागद शेजारी धरून मला दाखवले. तो आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता नंतरचं.

किडनी शरीरातून बाहेर गेल्यावर माझं तिथलं महत्त्व कमी झालं. हे मी रागानं लिहीत नाही, जसं दिसलं तसं लिहितोय. ऑपरेशनआधी मला सगळे नावानं ओळखायचे. नंतर वॉर्डात मी "डोनर" झालो. "डोनरचं कॅथेटर काढलं का?" "डोनरला खाली एक्स-रेला पाठवा." मोठे डॉक्टर राउंडला यायचे, ताईच्या खोलीबाहेर पंधरा-वीस मिनिटं थांबायचे, माझ्या पलंगाशी एक मिनिटही नाही. "सगळं छान आहे," म्हणायचे आणि पुढे. छान होतंही. पण मला काही विचारायचंय का, हे कुणी विचारलं नाही.

आणि मला विचारायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझा डावा अंडकोष सुजला होता आणि ओढल्यासारखा दुखत होता. ही गोष्ट सकाळी वॉर्डात दहा माणसांसमोर कशी बोलायची? मी बोललो नाही. घरी आल्यावर दुखणं वाढलं तसं मनात नको नको ते विचार येऊ लागले. दहाव्या दिवशी धीर करून कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला, त्यांनी सर्जनशी बोलणं करून दिलं. ते म्हणाले, हे होऊ शकतं, डाव्या अंडकोषाची शीर वर जाऊन डाव्या किडनीच्या शिरेलाच मिळते. किडनी काढताना ती बांधून कापावी लागते, म्हणून काही पुरुषांना काही आठवडे, कधी काही महिने हा त्रास होतो. माझा दोन महिन्यांत गेला. पण मग हे आधी का नाही सांगितलं? दहा हजारांत तीन हा आकडा सांगणाऱ्या विभागाला ही एक ओळ सांगता आली असती. डावी किडनी देणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ही ओळ ऑपरेशनआधी, बंद दाराआड, सांगितलीच पाहिजे. कुणी सांगितली नाही तर स्वतः विचारा, लाजू नका.

डिस्चार्जच्या कागदावर काम-धंद्याबद्दल एकच ओळ होती: "सहा आठवड्यांनी कामावर रुजू व्हावे." खुर्चीत बसून काम करणाऱ्यालाही तीच ओळ आणि माझ्यासारख्यालाही तीच. मी सहा आठवडे मोजले आणि गाडीवर गेलो. सीटबेल्टचा खालचा पट्टा बरोबर छेदावर येतो. त्याखाली टॉवेलची घडी ठेवून चालवली. जोरात ब्रेक लागला की आत काहीतरी उसवल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी एक खोकं उचललं आणि छेदाच्या टोकाशी सूज आली. हर्निया नाही निघाला, नशीब. सर्जन म्हणाले, तुम्ही माल उचलता हे मला कुणी सांगितलंच नाही, तुम्ही बारा आठवडे वजन उचलायचं नव्हतं. मी पहिल्या तपासणीत व्यवसाय लिहिला होता. तो कागद ताईच्या फायलीत कुठेतरी होता.

त्या जादाच्या दीड महिन्याची कमाई बुडाली, ती कुठल्याच हिशेबात येत नाही. द्यायला निघालेल्या कष्टकरी माणसानं निदान तीन महिन्यांची तजवीज आधी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल कागदावर फक्त "दुखल्यास घ्यावी" असं एका साध्या गोळीचं नाव होतं. कुठल्या घ्यायच्या नाहीत ते नव्हतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या किडनीवर ताण आणतात, एका किडनीच्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत, हे मला पहिल्या डॉक्टरांनी हातानं लिहिलेल्या कागदावरून माहीत होतं. पाठ धरली की आमच्या धंद्यात या गोळ्या सगळेच घेतात. तो कागद नसता तर मीही घेतल्या असत्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणखी एक झालं, त्याला मी तयार नव्हतो. घरात बसून होतो, ताईची तब्येत रोज सुधारत होती, चेहऱ्यावरची काळसर छटा गेली, जिना चढायला लागली. आनंदच आनंद. आणि मला मात्र दुपारी उगाच रडू यायचं. काही दुःख नव्हतं. महिनोन्महिने एका दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो, तो दिवस होऊन गेला आणि पुढे काय ते कळेना. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. बऱ्याच दात्यांना असं होतं, म्हणाल्या, आणि आधी किडनी दिलेल्या एका बाईंशी फोन जोडून दिला.

त्या बाईंनी नवऱ्याला किडनी दिली होती. ती सात महिन्यांत निकामी झाली, नवरा परत डायलिसिसवर गेला. त्या माझ्याशी तासभर बोलल्या, मला धीर दिला, शेवटी जाता जाता म्हणाल्या, "किडनी गेल्यापासून तिथून मला कुणाचा फोन आला नाही. ते आता यांना डायलिसिसला बोलावतात. मला कशाला बोलावतील?" त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र तिथे फायलीचं कोडं उलगडलं. दात्याची स्वतःची फाइल नसेल, तर पेशंटची किडनी गेली की दाताही कागदावरून जातो.

माझ्या बाबतीतही तेच झालं. सहा आठवडे, सहा महिने, एक वर्ष आणि मग दरवर्षी, असं तपासणीचं वेळापत्रक तोंडी सांगितलं होतं. सहा आठवड्यांची झाली, कारण त्याच दिवशी ताईची ओपीडी होती. सहा महिन्यांची वेळ आली, फोन नाही. मी आपण होऊन गेलो. खिडकीवरच्या मुलानं नाव विचारलं, संगणकात शोधलं, सापडेना. मग विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"मीच."

"नाही, म्हणजे किडनी कोणाला बसली?"

ताईचं नाव सांगितल्यावर मी सापडलो. बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं, एवढंच तपासायचं असतं, अर्ध्या तासाचं काम. एक किडनी घेऊन जगणाऱ्या माणसाची ती किडनी बिघडायला लागली तर सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही, ती फक्त या तीन आकड्यांत दिसते. म्हणून ही तपासणी ऑपरेशनइतकीच महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच कुणाच्या जबाबदारीत नाही.

गुण द्यायचे तर ऑपरेशनआधीच्या सल्ल्याला पाचपैकी पाच, सर्जरीला पाच, रात्रीच्या सिस्टरना मी दहा देईन. वॉर्डातल्या विचारपूशीला तीन. घरी सोडल्यानंतरच्या सेवेला दीड, तोही केवळ मॅडम फोन उचलायच्या म्हणून. आणि तरीही मला कुणी विचारलं, तर मी त्याच विभागात जा असं सांगेन, पण जाण्याआधी विचारून घ्या म्हणेन, की माझ्या नावाची वेगळी फाइल असेल का, वर्षाची तपासणी कोण आठवण करून देईल, माझं काम बघून विश्रांती किती सांगाल, आणि कोणत्या गोळ्या टाळायच्या ते लिहून द्याल का. हे प्रश्न मी ताईच्या काळजीत विचारलेच नाहीत. मॅडमना हे सगळं मी लेखी दिलंय. त्यांनी दात्यांसाठी वेगळी फाइल सुरू करण्याचा प्रस्ताव वर पाठवल्याचं सांगितलं. पुढचं अजून कळलेलं नाही.

ताईबद्दल एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर वर्षभर ती मला काही बोलेना. लहानपणापासून माझ्यावर ओरडणारी ताई, मी उशिरा आलो तर ओरडणार, फोन केला नाही तर ओरडणार. आता काही झालं तरी "असू दे रे" म्हणायची. माझ्याशी बोलताना आवाज खाली. मला कळत होतं तिला काय वाटतंय, आणि ते मला सोसवत नव्हतं. मी किडनी दिली त्यात माझी ताई मला परत मिळावी हाही हेतू होता, आणि मिळाली ती भिडस्त झालेली बाई. मी एकदा म्हणालोही, की तू मला बोलत जा. ती नुसती हसली.

मग वर्षाची तपासणी आली. रुग्णालयातून फोन नाहीच. कामाची गर्दी होती, मीही पुढे ढकललं, एक महिना, दोन महिने. एका दुपारी मी माल उतरवून गाडीत बसलो होतो तर ताईचा फोन.

"तुझी लघवी तपासून झाली?"

मी म्हणालो, करतो ग, या आठवड्यात जातो.

"या आठवड्यात? चौदा महिने झाले! मी वहीत तारीख लिहून ठेवलीये. तुला अक्कल आहे का? एकच राहिलीये तुझ्याकडे, ती सांभाळायची की नाही? उद्या सकाळी आठला मी तिथे खिडकीपाशी उभी राहते, तू आला नाहीस तर बघ."

ती बोलतच राहिली, आवाज चढत गेला, बाजूच्या गाडीवाल्यानं वळून पाहिलं. मी फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पावणेआठला पोचलो, तर ती आधीच रांगेत उभी होती, माझ्या नावाची चिठ्ठी घेऊन.